वरचं क्लुची खाली आहे

तालुक्याच्या ग्रंथालयातल्या बाईंनी मला दोन पानं लिहायला सांगितली. विषय, 'आमचं गाव: इतिहास आणि भूगोल.' मी पस्तीस वर्षं शाळेत हेच दोन विषय शिकवले, तेव्हा हे लोढणं माझ्याच गळ्यात पडणार होतं. कागद घेऊन बसले आणि पहिल्याच वाक्याला अडले. 'वरचं क्लुची हे गाव खालच्या क्लुचीच्या खाली आहे.' खोडून टाकलं. वर्गात एखाद्या पोराने असं लिहिलं असतं, तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

पण खरं तेच आहे, करणार काय? जुनं गाव नदीच्या वरच्या अंगाला होतं, म्हणून वरचं. पंचावन्न साली धरण आलं आणि दोन्ही गावं उचलावी लागली. खालचं गाव टेकडीच्या माथ्यावर गेलं, वरचं पायथ्याशी आलं, आणि नावं ज्याची त्याच्याबरोबर गेली. आता नवीन टपालवाला आला की पहिला महिनाभर टेकडी चढतो आणि आम्हाला शिव्या घालतो.

घरं लाकडाची. एकेका ओंडक्यावर कुऱ्हाडीने खूण करायची, घर सुटं करायचं, बर्फावरून घसरगाडीने ओढून आणायचं आणि खुणा बघून पुन्हा रचायचं. आमच्या सुतारांनी नकाशा उलटा धरला. रस्ता सगळा उलटा झाला. पहिलं घर शेवटचं, डावीकडचे शेजारी उजवीकडे. माझी आई मरेपर्यंत मीठ मागायला डावीकडे वळायची आणि अंगणाच्या मध्यावर येऊन थांबायची. मग तिला आठवायचं, की सावेली सुताराचं घर आता उजवीकडे आहे. आणि त्यांच्याकडे तर आपण जात नाही.

का जात नाही, हे त्या दोन पानांत बसणारं नाही. माझा भाऊ सेन्या अकरा वर्षांचा असताना गोठलेल्या नदीचा बर्फ फुटून बुडाला. मी तेव्हा चार वर्षांची. मला तो अजिबात आठवत नाही. त्याचा फोटो नाही. त्याची कबर जुन्या गावासकट पाण्याखाली गेली. उरलं होतं एकच. दाराच्या चौकटीच्या खांबावर दर वाढदिवसाला त्याची उंची खाच पाडून ठेवलेली होती. पहिल्या दोन खाचा वडिलांच्या, खोल. मग वडील युद्धावर गेले. त्या चार वर्षांच्या खाचा आईने भाकरी कापायच्या सुरीने पाडल्या, उथळ. पुढच्या पाच पुन्हा वडिलांच्या. एवढं मला आईनेच सांगितलेलं.

घर इकडे उभं राहिलं तेव्हा चौकट नव्याकोऱ्या पाइनची होती. वडील तोवर वारले होते. आईने विचारलं, तर सावेली सुतार म्हणाला, "जुने खांब कुठे गेले देव जाणे, चाळीस घरांची लाकडं मिसळली." पण त्याच्या स्वतःच्या घराला जुनेच खांब होते. आईने जन्मभर तेवढंच धरून ठेवलं. मग मीही धरलं. सावेलीच्या लेकीच्या, अव्दोत्याच्या नवऱ्याच्या मृत्यूनंतरच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला मी भर पंगतीत बोलून गेले, "तुमच्या बापाने आमचा सेन्या चोरला." तेव्हापासून तीस वर्षं आम्ही दोघी एकमेकींना बापाच्या नावासकट पूर्ण नावाने हाक मारतो आणि अहो-जाहो करतो. शेजारणीला याहून मोठी शिवी आमच्याकडे नाही.

आता तिचा मुलगा गेना तिला शहरात घेऊन चालला होता आणि घर विकलं होतं. घेणारा ते सुटं करून कुठेतरी तळ्याकाठी नेणार होता. म्हणजे तो खांबही जाणार. मला रात्रभर झोप नाही. सकाळी मिठातल्या अळंब्यांची बरणी घेऊन मी उजवीकडे वळले.

"या, कापितोलिना येगोरोव्ना," ती दारातूनच म्हणाली. "बरणी आणलीत? म्हणजे काहीतरी मागायला आलात."

"अव्दोत्या सावेल्येव्ना, मला तुमच्या चौकटीचा रंग खरवडायचाय."

तिने मला आपादमस्तक न्याहाळलं. एकोणऐंशीची, पाठीत पार वाकलेली, पण नजर बापासारखी.

"खरवडा," ती म्हणाली. "दोन्ही खांब खरवडा. पण काही निघालं नाही, तर माझ्या बापाची माफी मागायची. मोठ्याने."

मी खरवडलं. निळा रंग, हिरवा, परत निळा, तपकिरी, आणखी कुठला तरी राखाडी. सात थर. खाली लाकूड गुळगुळीत. कुठेतरी एक कुऱ्हाडीची खूण, फुली आणि तीन रेघा. ती आमच्या घराची होती की त्यांच्या, मला सांगता येईना. खाच एकही नव्हती. मी खालून वर बोटं फिरवली, वरून खाली फिरवली.

"मग?" ती म्हणाली.

 खांब यांच्याकडे नाही, आमच्याकडे नाही, मग साठ-बासष्ट वर्षं आम्ही नक्की कशावर भांडलो? मी माफी न मागताच घरी आले. लाज वाटली. मग रागही आला, पण कोणाचा ते कळेना. कागदावर लिहिलं, 'गावाची स्थापना कोणी केली हे निश्चित नाही.' तेही खोडलं.

गुरुवारी गेनाने सामान गाडीत भरलं. मी खिडकीतून बघत होते. शेवटचा स्टूल गेला आणि थोड्या वेळाने माझं दार वाजलं. अव्दोत्या. डोक्याला रुमाल, अंगात कोट.

"माझ्याकडे बसायला काही उरलं नाही," ती म्हणाली. "न बसता निघायचं म्हणजे अपशकुन. तुमच्याकडे बसते घटकाभर. गप्प बसायचंय, घाबरू नका."

ती चुलीशेजारच्या बाकावर बसली. मी समोर. प्रवासाला निघण्याआधीचं बसणं ते, त्यात बोलायचं नसतं. घड्याळ वाजत होतं. मी माफीचे शब्द जुळवत होते आणि ते जुळत नव्हते. तेवढ्यात चुलीवरच्या आडव्या वाशावरून कांद्याची एक माळ सुटली आणि धपकन तिच्या पायाशी पडली.

"अगं बाई!" ती ओरडली. "पाहुणीला मारता की काय? धड टांगता येत नाही माळ?"

"टांगली धडच होती. या मधल्या चार खाचा उथळ आहेत. दरवर्षी तिथल्याच माळा पड..."

मी वर बघितलं.

स्टुलावर मी कशी चढले आठवत नाही. माळा भराभर काढून खाली टाकल्या. अव्दोत्या खाली कांदे चुकवत उभी. वाशाच्या डाव्या टोकापासून दोन-अडीच फुटांवर दोन खोल खाचा. मग चार उथळ. मग पाच खोल. सुरुवातीला अंतर जास्त, पुढे कमी कमी. पोरं वाढतात तशी.

"तुमच्या आईनेच पहिली माळ टांगलेली," अव्दोत्या म्हणाली. "मी पाहिलंय. बाबांनी वासा बसवला त्याच दिवशी. लाकूड कमी पडलं होतं, म्हणून कुठूनतरी ओढून घातला तो."

आई रोज या वाशाखाली रांधायची. तिला कळलं नाही? की खांब उभाच असतो, आडवा झाला की तो खांब राहत नाही? मला अजून उमगलेलं नाही. आणि मी? नकाशे शिकवणारी बाई. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

मी लोकरीचा धागा घेतला, वाशाच्या टोकापासून शेवटच्या खाचेपर्यंत मोजला आणि गाठ मारली. खाली उतरून एक टोक पायाने जमिनीवर दाबलं, गाठ वर ताणून धरली. ती माझ्या छातीपर्यंत आली. मला वाटलं होतं तो मोठा असेल. मोठा भाऊ ना.

अव्दोत्या पुढे आली. वाकलेल्या पाठीने तिचं डोकं त्या गाठीच्या जरासंच वर होतं. तिने गाठीच्या वर, हवेत, तळहात धरला. डोक्यावर ठेवावा तसा.

"हो," ती म्हणाली. "एवढाच होता. आम्ही एका बाकावर बसायचो."

 सत्तर वर्षं होत आली. त्याला पाहिलेलं अख्ख्या गावात एकच माणूस उरलं होतं, तेही कुंपणापलीकडे. आणि मी तिच्याकडे त्याचा खांब मागत होते.

"दुन्या," तिला लहानपणीच्या नावाने हाक मारत मी म्हणाले, "माफ कर. तुलाही म्हणते आणि तुझ्या बाबांनाही." मग आणखी मोठ्याने म्हणाले.

"ऐकू येतं मला, कापा. बहिरी नाही झाले."

"तो कसा होता गं? डोळे कसे होते? बोलायचा कसा?"

बाहेर गेनाने हॉर्न वाजवला. तिने दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तोतरा होता," ती घाईघाईने म्हणाली. "क वर अडायचा. तुला हाक मारताना का-का-का करत बसायचा, आणि तू पाळण्यातून..."

हॉर्न पुन्हा वाजला, या वेळी लांबलचक. दुन्या कोट सावरत कांद्यांवरून वाट काढत निघाली, आणि मी तिच्या मागून, हातात धागा धरून, "पाळण्यातून काय? पाळण्यातून काय?" असं विचारत गाडीपर्यंत धावले.