सापडलेल्या मुलीची सूचना

टप्प. स्वयंपाकघरातल्या नळाचा थेंब सिंकमधल्या उपड्या पातेल्यावर पडला आणि कपाटात बसलेल्या बाईचं वाक्य फुकट गेलं. तिनं जीभ चावली, फटीतून पलंगाकडं पाहिलं. लेक झोपलेलीच होती. भिंगरी म्हणत तिला सगळे. जागी असताना पाय जमिनीला टेकायचे नाहीत म्हणून.

ही बाई कम्युनिटी कॉलेजात सूचना देण्याचं काम करायची. तिथं शिकायला नुसती पोरंसोरं नव्हती. दिवसभर राबून संध्याकाळी वेल्डिंग शिकणारे बाप होते, हिशेब शिकणाऱ्या आज्या होत्या, मूल मांडीवर घेऊन वर्गात बसणाऱ्या आया होत्या. फीची मुदत, बदललेली खोली, बंद कॅन्टीन, सगळं त्यांना स्पीकरवरून हिच्याच आवाजात कळायचं. आवाज असा लाघवी की सापडलेल्या छत्रीची सूचना दिली, तर छत्री न हरवलेलेही चौकशी करून जात.

आता साहेबांनी फर्मान काढलं होतं, की अडीनडीच्या सूचना आधीच बोलून तयार ठेवा. वीज जाणार, पाणी बंद, मागचं फाटक बंद, मूल सापडलं. ऑफिसात निवांतपणा कुठला? म्हणून सुट्टीच्या दुपारी कपड्यांच्या कपाटात बसून ती मोबाइलवर बोलत होती. कोटांमध्ये आवाज घुमत नाही, हे तिला स्पीकर सांभाळणाऱ्या तारवाल्यानं शिकवलं होतं.

मुलाच्या सूचनेपाशी गाडी अडली. मूल कसं दिसतं ते सांगायला हवं, आणि मूल तर अजून हरवलेलंच नाही. तारवाला म्हणाला होता, नमुना म्हणून काहीही ठोका, वेळ आली की तेवढा तुकडा बदलू. तिनं पुन्हा फटीतून पाहिलं आणि जे दिसलं तेच बोलली: "चार वर्षांची मुलगी, हिरवा स्वेटर, एकाच पायात मोजा, एक वेणी सुटलेली. ग्रंथालयाबाहेरच्या बाकावर बसली आहे. तिच्या आईनं लवकर यावं, ती वाट बघते आहे."

शेवटचे शब्द नमुन्याचे राहिले नाहीत. नोकरी लागल्यापासून भिंगरीची प्रत्येक दुपार वरच्या मजल्यावर आत्याकडं जायची. आत्या जीव लावायची, त्यात खोट नव्हती. पण आत्या ती आत्या. तारवाल्याला मात्र सगळ्यांत तीच सूचना आवडली.

पुढं थंडी पडली. एका दुपारी ती ऑफिसात बसून परीक्षेच्या तारखा तपासत होती, आणि बाहेरच्या स्पीकरवर तिचाच आवाज सुरू झाला. चार वर्षांची मुलगी, हिरवा स्वेटर. घाईघाईनं नणंदेला फोन लावला, तर नणंद म्हणाली, ही काय माझ्यासमोर झोपलीये, उठवू का? नको म्हणाली. तरी पाय ग्रंथालयाकडं धावलेच.

बाक रिकामा होता. दाराशी रखवालदार काका चहा फुंकत बसले होते. मुलगी होती का इथं, असं तिनं विचारलं.

"होती की. आत्ताच घेऊन गेलात ना तुम्ही?" काका हसले. "लेकीला नेलंत आणि आता काय पर्स राहिली वाटतं?"

"मी नेलं?"

"मग काय मी? एक मोजा कुठं पडला ते बघा आधी. पोरीचा पाय गारठला होता."

काकांना थट्टेची खोड होती, पण ते खोटं बोलत नव्हते. ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. तिनं बाकावर हात ठेवला. एवढ्या थंडीत त्या लाकडाची एवढीशी जागा ऊबदार होती.

तारवाल्यानं सगळी बटणं तपासली. सूचना कुणी लावलीच नव्हती. "तुमच्या आवाजाला पाय फुटलेत," म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर हसला. ती हसली नाही.

त्या संध्याकाळी लेकीला आणायला गेली, तर नणंदेनं तिला बाजूला घेतलं. म्हणाली, हल्ली पोर झोपते ती दगडासारखी. आज तर नाकापाशी हात धरून बघितलं मी. पाय बर्फासारखे, आणि उठली ती हसतच, आई घ्यायला आली होती म्हणत. नणंदेला वाटलं, पोर आईसाठी झुरतेय. बाईलाही तसंच वाटून घ्यायचं होतं.

पण सूचना पुन्हा वाजली. ती पोचेपर्यंत बाक पुन्हा रिकामा. घरी पुन्हा तेच, गार पाय आणि आई आली होती. कॉलेजातल्या बायका कौतुक करू लागल्या, तुमची मुलगी किती शहाणी हो, हूं की चूं करत नाही. भिंगरी, आणि हूं की चूं नाही! जिनं कधी कॉलेजचं फाटक पाहिलं नव्हतं, तिला सगळं कॉलेज ओळखत होतं. बाईचं जेवणावरचं मन उडालं. आपली लेक आपल्याच आवाजामागं रोज थोडी थोडी निघून चाललीये, आणि एखाद्या दिवशी परत यायची नाही, या एका भीतीनं तिला घेरलं.

मग तिनं ठरवलं, आपणच आधी जाऊन बसायचं. दुपार झाली की काम हातात घेऊन ती ग्रंथालयात, दाराजवळच्या खिडकीशी बसू लागली. आणि एके दिवशी स्पीकर खरखरला.

सूचना सुरू झाली तेव्हा बाकावर कुणी नव्हतं. "वाट बघते आहे" म्हणेपर्यंत मुलगी बसलेली होती. कुठून आली ते दिसलंच नाही. हिरवा स्वेटर, उघडा पाय, मानेवर सुटलेली वेणी. ती पाय हलवत नव्हती. एवढंच काय ते भिंगरीसारखं नव्हतं.

बाईनं फोन लावला. झोपलीये, नणंद म्हणाली, इथंच आहे, माझा हात आहे तिच्या अंगावर.

घ्यायला कुणीच आलं नाही. सूचना पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. मुलीनं मान वळवली, खिडकीतून थेट आईकडं पाहिलं आणि दोन्ही हात वर केले. भिंगरी असेच करायची, कडेवर घे म्हणून.

बाईचे हात आपोआप उठले होते. पण एक लेक घरी असताना दुसरी कडेवर घेऊन कुठल्या घरी जायचं? आणि हिला उचललं तर तिथं नणंदेच्या हाताखाली काय उरेल? ती उलट्या पावली मागं सरली, मागच्या दारानं निघाली आणि धापा टाकत तारवाल्याच्या खोलीत शिरली.

"पुसून टाका. आत्ता, माझ्यासमोर."

त्यानं तिचं तोंड बघितलं आणि बटण दाबलं. "तिच्या आईनं लवकर" इथंच पुन्हा पुन्हा वाजणारा आवाज तुटला. सगळ्या आवारात एकदम शांतता पसरली. ती बाकाकडं गेली नाही. मागच्या फाटकानं थेट घर गाठलं.

भिंगरी नणंदेच्या पलंगावर उठून बसलेली होती. निळा झगा, दोन्ही पायांत मोजे, दोन्ही वेण्या जागेवर. आईनं तिला छातीशी असं धरलं की नणंद म्हणाली, अगं, गुदमरेल ती. खाली घरी आणून तिनं लेकीला दूध-पोळी कुस्करून दिली, मोजे काढून तळपाय हातांत घेतले. गरम होते. कितीतरी दिवसांनी गरम. आईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. सुटलो आपण, म्हणाली मनात.

भिंगरी घास चघळत तिच्याकडं बघत होती. नेहमीसारखी चुळबुळ नव्हती. पाय आईच्या हातांत निमूट पडून होते.

"आई, आज तू खिडकीतून नुसतं बघितलंस आणि पळून गेलीस."

आईच्या हातातला पाय तसाच राहिला.

"मग मला घरी घेऊन आली, ती कोण होती?"