बाबा पुढच्या गावी, सून अंथरुणात

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. "ऊठ लेकी! थकवा पळाला!" शक्तिबाबा गरजले, आणि वर्षभर अंथरुणाला खिळलेली शिंपीण खरंच उठली. टाळ्यांच्या गजरात तिने दोन गिरक्याही घेतल्या. सासूबाईंच्या डोळ्यांना धार लागली. आता सून पुन्हा मशीनवर बसेल, शेजारणी तिला आळशी म्हणणार नाहीत!

बाबांचा विधी सोपा होता. आधी आठवडाभर नुसतं पडून राहायचं, मग व्यासपीठावर त्यांचा लवंगांचा काढा प्यायचा. बाटलीत उरलेला प्रसाद वाया कशाला घालवायचा, म्हणून सासूबाईंनी घरी येऊन तो घटाघट घेतला.

दुसऱ्या दिवशी शिंपिणीला उशीवरून मान उचलवेना. निरोप धाडला, तर बाबा केव्हाच पुढच्या गावी! "श्रद्धा उणी पडली," म्हणून शिष्य मोकळा झाला.

शेवटी डॉक्टरीणबाई आल्या. सासूबाई अजून ठसक्यातच होत्या. "शक्ती होती हो त्या काढ्यात! मी प्यायले, तर रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सगळी भांडी घासली, मग घासलेलीच पुन्हा घासली!"

"एरवी कॉफी घेता, आजी?"

"छे! शिवतसुद्धा नाही."

डॉक्टरीणबाईंनी बाटली हुंगली, तळाचा थेंब चाखला आणि हसू दाबलं. "काल शिवलात की! लवंगेच्या पदराआड कडक कॉफी दडलीय."

सासूबाईंनी लख्ख भांड्यांकडे बघितलं. "अन् हिच्या गिरक्या?"

"आठवडाभर साठवलेली ताकद, वर कॉफीने मारलेली टाच. या दीर्घ थकव्याच्या आजारात झेपेल त्याहून जास्त केलं, की शरीर मागाहून वसुली करतं, कधी एक-दोन दिवसांनीही. बाबा त्याआधीच गाव सोडतात. हा आळस नाही, आजी. खात्रीचं औषध अजून सापडलेलं नाही, पण दमण्याआधी थांबणं आपल्या हातात आहे."

"म्हणजे मीच पोरीला नाचवली," सासूबाई पुटपुटल्या.

उशीतून क्षीण आवाज आला, "असू दे, आई. भांडी तरी घासून निघाली."

आता जरा बरं वाटलं, की शिंपीण एखादी बाही शिवते. तेवढ्यात सासूबाई हजर! "पुरे. आडवी हो."

"अजून दम आहे, आई."

"म्हणूनच सांगते!"

शेजारीण नाक मुरडते, "सुनेला फार लाडावलंत."

"दम राखून गातो, तोच शेवटचं पद गातो, बाई!"

देवावरचा त्यांचा भाव तसाच आहे. बुद्धीही त्यानेच दिलीय, एवढं मात्र त्या आता विसरत नाहीत. तुम्हीही चमत्काराला हात जोडण्याआधी एक दिवस थांबा. दुसऱ्या दिवशी तो तोंड दाखवतो का, तेवढं बघा.