गुडघ्याचं निमित्त

बोटाच्या टोकाला चिकटलेला दाणा तिनं खिडकीशी नेऊन पाहिला. मोहरीएवढा, तांबूस-काळा, एका बाजूनं जरासा चेपलेला... कोबीचा असेल. किंवा सलगमचा. किंवा त्या तिखट पाल्याच्या मोहरीचा, जिची आंबवलेली किमची तिच्या नवऱ्याला, मानसोकला, भाताबरोबर सगळ्यात जास्त आवडते. चष्मा काढून, पुसून, पुन्हा घालून पाहिलं, तरी काही उमगेना. मातीत पडून पानं फुटेपर्यंत ही तिन्ही बियाणं एकसारखी दिसतात, आणि तोवर बियाण्यांची जत्रा होऊन गेलेली असेल.

पिल्सुन परत परातीपाशी येऊन बसली. कोबी मिठात घालायची ती मोठी परात, आणि तिच्यात बाटल्याबाटल्यांतून वर्षानुवर्षं वेगळं सांभाळलेलं सगळं बियाणं कालवलेलं. घेवडे, चवळ्या, मक्याचे जांभळे दाणे वेचता येतील, त्यांना निदान रंगरूप आहे. पण त्यांच्याखाली बारीक बियांचा जो थर बसला होता त्याचं काय करायचं? सकाळी ती सार्वजनिक न्हाणीघरात गेली होती, गल्लीच्या टोकाच्या, नेहमीच्या. परत आली तर मानसोक परातीशेजारी मांडी घालून बसलेला, पाहुण्यांना वाढून झाल्यावर यजमान बसतो तसा, समाधानानं.

"कोंडून पडली होती बिचारी," तो म्हणाला. "जरा मोकळी केली."

"बरं केलंत," ती म्हणाली.

आणि मग तिचं तिलाच नवल वाटलं, की हे शब्द किती सहज आले... चिडायचं असतं हेच आपण विसरून गेलो की काय? गेल्या पावसाळ्यापासून हे असंच चाललं होतं — तो काही करायचा, आणि ते मुद्दामच केलं होतं असं वाटावं म्हणून ती मागून काहीतरी जोडून द्यायची. वाण्याकडे त्यानं दोनदा पैसे दिले तर ती हसून म्हणायची, पुढच्या खेपेचे आत्ताच देतायत. बुसानहून लेकीचा फोन आला की ती त्याच्या अगदी जवळ बसायची, आणि लेकीनं काही विचारलं की उत्तर त्याच्या तोंडात येण्याआधी आपण देऊन मोकळी व्हायची. बाबा बरे आहेत ना? बरे आहेत. गुडघा तेवढा दुखतो.

गुडघा खरंच दुखायचा. म्हणूनच ते निमित्त बरं होतं.

मानसोकनं सगळा जन्म गावची बस चालवली. डोंगरातल्या खेड्यांपर्यंत जाणारी, बाजाराच्या दिवशी म्हाताऱ्यांनी आणि त्यांच्या गाठोड्यांनी खच्चून भरणारी. दुसरे ड्रायव्हर आपल्या जागेवरून हलत नसत. हा खाली उतरायचा, गाठोडी वर चढवायचा, कोंबड्या कुणाच्या मांडीवर द्यायच्या ते ठरवायचा. त्या बायका तरी काय देणार होत्या? जाता जाता त्याच्या कोटाच्या खिशात मूठभर बी टाकायच्या. लाव रे घरी. असं होता होता घरात बाटल्यांची ओळ लागली. त्यावर नावं कधी लिहिलीच नाहीत, कारण त्याला लागत नसत. बाटली उचलायची आणि थांब्याचं नाव सांगायचं. हा काळ्या ठिपक्याचा हिरवा घेवडा वरच्या गिरणीचा, लंगडणाऱ्या बाईनं दिलेला. ही मुळ्याची बी शेवटच्या थांब्यावरची, जिचा मुलगा समुद्रावरून परतला नाही तिची. आता त्या खेड्यांतल्या घरांना कुलपं आहेत. शेवटच्या थांब्यावर बस वळते ती नुसती वळायचं म्हणून.

दर वसंतात, टेकडीवरच्या सामायिक बागेतली माणसं बियाण्यांची जत्रा भरवत, आणि मानसोक टेबलामागे उभा राहून एकेक बाटली उचलून सांगायचा. माणसं बी घ्यायला येत आणि गोष्ट ऐकत थांबत. मागच्या वर्षी तो मध्येच थांबला होता. बाटली हातात, तोंड उघडं. तेव्हा पिल्सुन मागून पुटपुटली, वरची गिरणी. तो म्हणाला, हां, वरची गिरणी! सगळे हसले. तीही हसली. कुणाच्या लक्षात आलं नाही...

असं तिला वाटत होतं.

दुपारी बागेतल्या पत्र्याच्या खोलीत जत्रेची बैठक होती. मानसोकला तिनं बरोबर आणलं, त्यांच्या वाफ्यात बटाट्याचे वरंबे घालायचे होते ते काम त्याच्या हातात दिलं, आणि खोलीच्या उघड्या दारातून तो दिसत राहील अशा जागी बसली. हे आता तिच्या अंगवळणी पडलं होतं. जिथं जाईल तिथं आधी दार कुठं आहे ते पाहायचं.

जवाचा चहा फिरला. बैठक नारे नावाची बाई चालवत होती. सोलहून नवऱ्यासह इथं राहायला आलेली, चाळिशीची, भराभर काम उरकणाऱ्या हातांची. तंबू कुणाकडून आणायचे, सूप कुणी शिजवायचं, पाऊस आला तर कुठं सरकायचं, हे ठरत गेलं. मग ती पिल्सुनकडे वळून म्हणाली की काकांचं टेबल या वर्षी कुठं मांडू या? पिल्सुननं ठरवून ठेवलेलं वाक्य काढलं. यंदा त्यांना उभं राहणं व्हायचं नाही, गुडघा फार धरलाय, बोलायचं राहू दे.

कुणी काही विचारलं नाही. एरवी गुडघ्याचं नाव निघालं की या खोलीत डॉक्टरांची काही कमी नसे — कुणी लेप सांगे, कुणी सुया टोचणाऱ्याचा पत्ता देई. आज सगळ्यांनी आपापल्या कपात पाहिलं. नारेनं "बरं" म्हटलं, फार हळू, आणि पुढच्या विषयावर गेली. पिल्सुननं कप खाली ठेवला. ती बाहेर आली.

खोलीच्या मागं ह्वाजाताई पातीचे कांदे निवडत बसली होती. शेजारच्या वाफ्याची मालकीण, वयानं मोठी, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, बैठकींना कंटाळणारी. तिनं बसायला पाट सरकवला.

"गुडघ्याचं सांगितलंस ना?"

पिल्सुन पाटावर टेकली.

"नको सांगत जाऊस. ठाऊक आहे आम्हांला."

"काय ठाऊक आहे?"

ह्वाजाताईनं एक कांदा सोलून होईपर्यंत वेळ घेतला. मग सांगितलं. लसूण लावायच्या दिवसांत मानसोक तिच्या वाफ्यात आला, तिनं लावलेली ओळ उपटली आणि तिथंच पुन्हा लावली, आधीपेक्षा सरळ. दुसऱ्या दिवशी परत तेच. ती आपली कडेला बसून बघत राहिली. आणि बसचं तर साऱ्या गावाला माहीत होतं. पिल्सुन न्हाणीघरात गेली की कधीमधी तो खालच्या चौकात जाऊन बसमध्ये चढायचा, बसायचा नाही, ड्रायव्हरच्या शेजारी दांडा धरून उभा राहायचा. ड्रायव्हर त्याच्याच हाताखाली शिकलेला. तो त्याला एक फेरी फिरवून आणायचा आणि घराच्या फाटकाशी उतरवायचा.

"मला कुणी सांगितलं नाही," पिल्सुन म्हणाली.

"कशी सांगणार बाई? तू अशी ताठ चालत यायचीस. तुझ्याकडे बघून वाटायचं, हिला सांगितलं तर ही मोडेल."

तिला रडू यायला हवं होतं, आणि आला तो राग. इतके महिने... इतके महिने मी याच्या आणि जगाच्या मध्ये उभी राहिले, झोपेतसुद्धा एक कान उघडा ठेवून, आणि ही सगळी माणसं माझ्या खांद्यावरून पलीकडचं पाहत होती! सूप शिजवताना, कांदे निवडताना बोलली असतील. बिचारी पिल्सुन, म्हणाली असतील. ते गुपित वाईट होतं, जड होतं, पण ते आमच्या दोघांचं होतं. संसारातलं बाकी सगळं एकेक करून त्याच्या हातून गळत असताना तेवढं एक आम्ही मिळून सांभाळतोय असं मला वाटत होतं — आणि त्याला तर ते सांभाळायचंय हेही माहीत नव्हतं. म्हणजे मी एकटीच. म्हणजे पहिल्यापासून एकटीच होते.

"त्यांनी सगळं बी एकत्र केलं," ती एकदम म्हणाली. हे वाक्य कुणाला सांगेन असं तिच्या मनातही नव्हतं. "आज सकाळी. सगळ्या बाटल्या परातीत ओतल्या."

ह्वाजाताईचे हात थांबले. शेवटच्या थांब्यावरचा मुळासुद्धा? तिनं विचारलं. तो ह्वाजाताईच्या माहेरचा थांबा होता. पिल्सुननं मान हलवली. मुळ्याचे दाणे जरा मोठे असतात, कदाचित वेचता येतील, पण त्यातला तो कुठला आणि बाजारातला कुठला... ह्वाजाताई बराच वेळ टेकडीखालच्या इमारतींकडे बघत राहिली. तिनं धीर दिला नाही, चालायचंच असंही म्हटलं नाही, आणि त्यासाठी पिल्सुनला ती पहिल्यांदाच मनापासून बरी वाटली.

"तरी त्याला बसव टेबलाशी," शेवटी ती म्हणाली. "जे बोलेल ते बोलेल."

"लोक हसतील."

"हसतील एखाद वेळेस. पूर्वीही हसायचेच की."

"पूर्वीचं वेगळं होतं, ताई."

"हो," ह्वाजाताई म्हणाली. "वेगळं होतं."

पिल्सुन उठली. वाफ्यांमधल्या वाटेनं निघाली. मानसोकनं वरंबे घातले होते, दोरी न लावताही सरळ, आणि आता तो कुदळीवर हात टेकून उभा होता. पलीकडच्या वाफ्यातल्या कुणा नव्या भाडेकरूनं त्याला काहीतरी विचारलं असावं. चाळिशीचा माणूस होता, पायात कोरे गमबूट. मानसोक त्याला उत्तर देत होता. हात वर करून टेकडीपलीकडचं काही दाखवत होता. वाऱ्यानं शब्द तुटत होते, पण एवढं कळत होतं, की तो सांगतोय ते या बागेतलं नाही, या वर्षातलं नाही, आणि त्या माणसाला तो भलत्याच कुणाच्या नावानं हाक मारतोय.

तिचे पाय सवयीनं झपाझप पडू लागले. तीन-चार वाफे ओलांडले की ती पोचणार, हसून म्हणणार, अहो, यांना कुठं अडकवलंत, आणि मग त्या माणसाला, यांच्या गमतीकडे लक्ष देऊ नका हं...

ती थांबली. का थांबली ते तिला सांगता आलं नसतं. दमली होती, हे एक. हात मोकळे होते आणि त्यांचं काय करावं हे कळत नव्हतं, म्हणून तिनं ते कोटाला पुसले. नारेला काय सांगायचं ते ठरलं नव्हतं. राग अजून तिथंच होता, बरगड्यांच्या खाली, चांगला जिवंत. गमबूटवाला माणूस मान हलवत होता, मग त्यानंही काहीतरी विचारलं, आणि मानसोकनं कुदळ दुसऱ्या हातात घेतली. काही सांगायला घेण्याआधी तो असंच करायचा, अगदी पहिल्यापासून.

यावर तो काय बोलणार हे तिला ठाऊक नव्हतं. इतके महिने याच एका गोष्टीनं तिचा जीव मुठीत धरला होता. आता ती वाटेतच उभी होती, वाऱ्याकडे कान करून, आणि तिला ते ऐकायचं होतं.