मशीन थांबलं ते पान

नवरा शिवणकाम करतो आणि मी शेजारी बसून त्याला रहस्यकथा वाचून दाखवते. कथा रंगली की त्याचं मशीन आपोआप थांबतं.

ही कादंबरी मी मोठ्या हौसेनं आणली, कारण त्यातलं हौशी गुप्तहेरांचं जोडपं आमच्यासारखंच दोन धर्मांचं होतं. पण कसलं काय! खुनी माळीच आहे हे आम्ही दुसऱ्याच प्रकरणात ओळखलं, आणि ते दोघं शहाणे शेवटपर्यंत बागेत ठसे शोधत बसले. खुनी पकडला गेला तरी मशीन आपलं धडधडतच होतं.

शेवटच्या पानावर दोघांचं लग्न लागलं. मुलीची आई पहिल्या रांगेत बसून डोळे पुसत होती.

मशीन थांबलं.

“आईनं तर तिला घराबाहेर काढलं होतं ना? मग ती आली कशी?” त्यानं विचारलं.

मी मागची पानं दोनदा चाळली. कुठंच काही नव्हतं.

“मेल्या लेखकानं नेमकं तेवढंच गाळलंय!” मी पुस्तक आपटलं. आमच्या लग्नाच्या दिवशी माझ्या आईनं लावून घेतलेलं दार अजून उघडलेलं नाही.

नवऱ्यानं पुस्तक उचलून माझ्या हातात दिलं.

“पत्र टाकून विचार त्याला,” तो म्हणाला. “त्याला नक्की माहीत असेल.”