पुढच्या मोसमाची यादी

किनारा क्लबच्या बायका पहिल्यांदा सॉफ्टबॉल खेळल्या, तेव्हा चौघीजणी चेंडू टोलवून बॅट हातात घेऊनच पळाल्या होत्या. क्रिकेटची सवय, दुसरं काय! त्या वर्षी संघ नऊच्या नऊ सामने हरला. मग जळगावला शाळेपासून सॉफ्टबॉल खेळलेली अदिती लग्न होऊन सिंगापुरात पासिर रिसला राहायला आली, संघासाठी चेंडू फेकणारी पिचर झाली, आणि तीन मोसमांत क्लब थेट उपांत्य फेरीत येऊन उभा राहिला.

तोच सामना आज रविवारी सकाळी चालू होता. चौथ्या इनिंगमध्ये किनाराची बॅटिंग होती. अदितीचा नंबर लांब होता, म्हणून ती तंबूमागे पाण्याची बाटली भरायला आली. कापडाच्या पलीकडे मंडळी पोहे खात होती आणि विषय तिचाच होता.

"सत्तर टक्के जाणार," निशिकांतकाका म्हणाले. मैदानातलं त्यांना निम्मंच कळे, पण मत पूर्ण असे. "धवलच्या बँकेनं त्याला मुंबईला परत बोलावलंय. नवरा तिकडे आणि बायको इकडे चेंडू फेकत बसणार होय?"

"सत्तर कुठून काढलेत काका?" हा सुबोध. "आपल्या क्लबातली आजवर पाच कुटुंबं परत गेली. पाचही बायका गेल्या. म्हणजे शंभर म्हणा. पण पाचावरून काही सिद्ध होत नाही."

"सिद्ध कसलं करतोस! ती गेली की आपले परत नवापैकी नऊ पराभव, एवढं सिद्ध आहे."

"अहो, मग तिलाच विचारा ना कुणीतरी," स्मिता म्हणाली.

"तिला काय विचारायचं? धवलला विचारलंय मी. जूनमध्ये निघतायत," काका म्हणाले.

बाटली भरून वाहायला लागली होती. अदितीनं नळ बंद केला.

जूनमध्ये? तिचं इथलं राहणं आणि तुआसच्या प्रयोगशाळेतली नोकरी, दोन्ही आजवर धवलच्या पासला, म्हणजे त्याच्या कामाच्या परवान्याला, बांधलेली होती. त्याचा पास संपला की तिचाही. म्हणून तिच्या कंपनीनं तिच्या स्वतःच्या नावानं पाससाठी अर्ज केला होता आणि शुक्रवारी मंजुरीचं पत्र आलं होतं. ते तिनं त्याच दिवशी धवलला दाखवलं. तो म्हणाला होता, "बघू." त्या 'बघू'चा दोन दिवसांत 'जून' झाला होता.

ती तडक कप्तान संजीवनीताईंकडे गेली. पुढच्या मोसमाच्या खेळाडूंची यादी दुपारी बारापर्यंत लीगला द्यायची होती. यादीत चौदा नावं होती. अदितीचं नव्हतं.

"अगं, धवलनंच फॉर्म भरलाय ना," संजीवनीताई गडबडल्या. "कुटुंब-सभासदत्व त्याच्या नावावर आहे, मग फॉर्म त्यालाच जातो. आपल्याकडे सगळ्यांचं तसंच असतं. पुढच्या मोसमात खेळणार का, तर त्यानं 'नाही' लिहिलंय."

"ताई, पिचिंग तो करतो?"

संजीवनीताईंनी पेन पुढे केलं. अदितीनं पंधराव्या ओळीत स्वतःचं नाव लिहिलं, पुढे सही केली, आणि तंबूत गेली. धवल बशी घेऊन उभा होता.

"तू माझ्या नावापुढे 'नाही' लिहिलंस?"

"अगं, हळू. सगळ्यांसमोर काय? घरी बोलू."

"सगळ्यांसमोर तूच सांगितलंस. घरी मी शुक्रवारीच बोलले होते."

निशिकांतकाकांचा चमचा तोंडाजवळ थांबला.

"माझा पास मंजूर झालाय," अदिती म्हणाली. आता ती सगळ्यांनाच सांगत होती. "मी इथं राहणार आहे. नोकरी करणार आहे. पुढच्या वर्षी खेळणारही आहे."

"आणि मी? मी एकटाच जाऊ मुंबईला?"

त्याचा आवाज खरोखर दुखावलेला होता. तिला ते लागलं. पण दोन दिवस ती ज्या प्रश्नाची वाट पाहत होती तो हा नव्हता.

"जायचं की इथंच दुसरं काही शोधायचं, ते तू ठरव. मला विचारलंस तर मी बोलेन. तुझ्या वतीनं फॉर्म मात्र भरणार नाही."

"वा! म्हणजे शून्य टक्के," निशिकांतकाका एकदम खुलले. "मी म्हणतच होतो, तीसचा चान्स आहे!"

"काका, यापुढे टक्के काढायचे तर आधी मला विचारा."

"काय म्हणतीये बघा ही," काका पुटपुटले. स्मितानं त्यांच्या हातातली बशी काढून घेतली.

तेवढ्यात किनाराची तिसरी बॅटर बाद झाली आणि बाजू बदलली. अदिती मैदानात गेली. हात खांद्यापासून पूर्ण गोल फिरवून तिनं पहिला चेंडू सोडला. तो दोन हात बाहेर गेला. दुसरा जमिनीवर आपटला. तिसरा बॅटरच्या डोक्यावरून जाळीला लागला. जाळीमागे धवल उभा आहे, हे तिला न बघता कळत होतं.

कॅचर विनीता मुखवटा वर करून धावत आली.

"काय गं? ठीक आहेस ना?"

"नाही," अदिती म्हणाली. "चेंडू दे."