जादा गोळी

आमच्या यांना कचेरीत सगळे मागून ‘कात्रीसाहेब’ म्हणत. खात्यातली जादा पदं शोधून ती कापणं, हेच यांचं काम. एका टेबलाशी दोन माणसं दिसली की यांच्या पोटात दुखायचं. निवृत्त झाले तरी खोड गेली नाही. घरात मी एकटीच, म्हणून माझं पद वाचलं.

अशा माणसाला मेंदूचा झटका आला तोही आटोपशीर. उजवा हात लुळा पडला, जीभ अडखळली आणि दोन दिवसांत बरंचसं सुधारलं. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "एकवीस दिवस दोन्ही गोळ्या घ्यायच्या. दुसरा झटका यायची भीती आत्ताच जास्त. मग एक बंद करू, नाहीतर रक्तस्राव व्हायचा."

"दोन्हींचं काम काय?" यांनी विचारलं.

"रक्ताची गुठळी होऊ न देणं. पण..."

‘पण’च्या पुढचं ऐकायची सवय यांना कधीच नव्हती.

गोळ्या मी काढून देते म्हटलं, तर म्हणाले, "मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

सहाव्या सकाळी शर्टाचं बटण लावता लावता तोच हात खाली पडला. तोंडातून नुसतं "बट... बट..." शेजारणीला गाडी काढायला लावली, औषधांचा डबा पिशवीत कोंबला आणि निघालो. वाटेत डबा उघडून बघते, तर एका गोळीचं पाकीट जवळपास भरलेलं. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर त्याच गोळीच्या नावावर लाल रेघ, आणि शेजारी शेरा: ‘एकाच कामास दोन. एक कमी करावी.’ खाली सही. तारीखसुद्धा!

दवाखान्यात मेंदूचा फोटो काढला. रक्तस्राव नव्हता. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दोन्ही गोळ्या चालू होत्या ना? त्या घेऊनही असं झालं असेल, तर मला वेगळा विचार करावा लागेल."

"हो," हे म्हणाले. सकाळपासूनचा पहिला स्पष्ट शब्द, आणि तोही खोटा. वर माझ्याकडे असे बघायला लागले, की जणू मी यांच्या हाताखालची कारकूनच.

सत्तावीस वर्षं यांच्या होला हो केलं. आज मात्र पुरे झालं.

"नाही हो डॉक्टर, एकच घेत होते," म्हटलं आणि चिठ्ठी पुढे केली.

बाईंनी शेरा वाचला. "अक्षर सुरेख आहे, काका. या दोन गोळ्या दोन वेगळ्या दारांवर पहाऱ्याला उभ्या होत्या. एकीला तुम्ही घरी पाठवलंत, आणि गुठळी त्याच दाराने आत आली."

यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. कान मात्र लाल झाले होते.

दुपारपर्यंत हाताची बोटं हलायला लागली. नर्सबाईंनी घोटभर पाणी पाजून गिळता येतंय याची खात्री केली आणि दोन गोळ्या माझ्या तळहातावर ठेवल्या. यांनी एकदा गोळ्यांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"दोन्ही?"

"दोन्ही."

एवढ्या संसारात मी काही बोलल्यावर यांनी तोंड उघडलं आणि त्यातून उत्तर आलं नाही, असं पहिल्यांदाच घडलं. मी पटकन गोळ्या आत टाकल्या.