'एस'च्या मागचा 'डी'

हुसैनमियाँचा फोन आला तेव्हा किशोरी पुस्तकांच्या खोक्यांना चिकटपट्टी लावत होती. महिनाअखेरीला ओमानमधल्या अल् खुवैरचा फ्लॅट सोडायचा होता, पुण्याचं तिकीट काढून झालं होतं.

"भाभी, साहेबांचा मोबाईल बंद लागतो, म्हणून घरच्या नंबरवर केला. सांगा त्यांना, पिवळा अमेरिकन आलाय दुकानात. म्हातारी वितळवायचं म्हणते. साहेबांनी बघेपर्यंत मी थांबवून ठेवलाय."

हुसैनमियाँ मूळचे रत्नागिरीचे. निझवाच्या बाजारात त्यांचं जुन्या दागिन्यांचं दुकान होतं. किशोरीचा नवरा जयप्रकाश हापिसातला इंजिनिअर, पण सुट्टी मिळाली की त्यांच्याकडे जाऊन जुनी नाणी बघत बसायचा; सोन्याच्या अमेरिकन नाण्याला दोघं 'पिवळा अमेरिकन' म्हणायचे. तो फेब्रुवारीत गेला, जेवताजेवता. ही बातमी निझवापर्यंत कोणी पोचवली नव्हती.

किशोरीने सांगायला तोंड उघडलं आणि म्हणाली, "येतो आम्ही उद्या."

फोन ठेवल्यावर तिला स्वतःचंच नवल वाटायला हवं होतं. तेही वाटलं नाही. ती पुन्हा चिकटपट्टी लावू लागली.

शुक्रवारी सकाळी तिने जयप्रकाशचं भिंग आणि छोटी बॅटरी पर्समध्ये टाकली आणि गाडी काढली. वाटेत दोन्ही बाजूंना उघडेबोडके डोंगर होते. एरवी ती त्यांच्याकडे बघून काहीतरी बोलायची. आज नुसती गाडी चालवत राहिली.

"या, या भाभी," हुसैनमियाँ दारातच उभे होते. "साहेब गाडी लावतायत काय?"

"आधी नाणं बघू," ती म्हणाली.

आत एक ओमानी म्हातारी बसली होती. तिचं नाव मौझा. नातीचं लग्न ठरलं होतं आणि नातीला आजीचा हार नको होता, नव्या घडणीचा सेट हवा होता. हारात बरीच नाणी होती आणि त्या सगळ्यांच्या मधोमध ते एक. वर कडी डाख देऊन जोडलेली, कडा झिजलेल्या.

किशोरीने ते भिंगाखाली धरलं. सन १७९५. टोपी घातलेली बाई. उलट बाजूला चोचीत हार धरलेला किडकिडीत गरुड.

जयप्रकाश हे सगळं सांगायचा आणि ती भाजी निवडता निवडता अर्ध्या कानाने ऐकायची. तेव्हा साचे हाताने घडवायचे, एकेक अक्षर ठोकून. त्यामुळे साल एकच, किंमत एकच, पण साचा बदलला की नाणं बदललं. कुठे आकडा कललेला, कुठे चांदणी अक्षराला टेकलेली. आणि एका साच्यात कारागिराने 'स्टेट्स' शब्दाच्या शेवटी 'एस'ऐवजी 'डी' ठोकला. मग चूक कळल्यावर त्याच्यावरच 'एस' ठोकला. "मागे 'डी'चं पोट अजून दिसतं गं," तो म्हणायचा. त्याने ते फोटोत पाहिलं होतं, हातात कधी नाही.

"दुसऱ्यांच्या चुका शोधायचा हा कसला छंद रे?" ती विचारायची.

तिने बॅटरी तिरकी धरली. 'एस'च्या मागून 'डी'चं पोट बाहेर आलं होतं.

ती बघत राहिली. छातीत काहीतरी होईल म्हणून वाट पाहिली. काही झालं नाही. पाय सुन्न झाल्यावर चिमटा काढावा आणि आपलाच पाय परका वाटावा, तसं.

"तेच आहे का?" हुसैनमियाँनी विचारलं. "साहेब सांगायचे ते?"

"तेच आहे. वितळवू नका." मग त्याच आवाजात ती म्हणाली, "हुसैनभाई, साहेब गेले. फेब्रुवारीत."

हुसैनमियाँ हातातला तराजू तसाच धरून खाली बसले. "इन्ना लिल्लाही…" ते पुटपुटले. मग म्हणाले, "फोनवर बोलला नाहीत, भाभी."

"नाही बोलले. आतापर्यंत सगळ्यांना आधीच कळलेलं असायचं. मला कुणाला सांगावंच लागलं नव्हतं."

मौझाने अरबीत काहीतरी विचारलं. हुसैनमियाँनी आधी जयप्रकाशचं सांगितलं, मग नाण्याचं. म्हातारीने किशोरीचा हात धरला आणि सोडला नाही. मग म्हणाली, ती चूक मलाही दाखव.

किशोरीने तिच्या डोळ्याला भिंग लावून दिलं आणि बॅटरी धरून मागे उभी राहिली. "थोडं वर. हां. आता हलवू नका, आता दिसेल."

म्हातारीला इंग्रजी अक्षरं येत नव्हती. ती एकदम म्हणाली, "हिलाल!"

"चंद्रकोर दिसते म्हणते," हुसैनमियाँ म्हणाले.

"असू दे," किशोरी म्हणाली. "चंद्रकोरच आहे."

हे नाणं बाहेरदेशी लिलावात पाठवलंत तर पुष्कळ मोठी किंमत येईल, हे तिने हुसैनमियाँकरवी नीट समजावून सांगितलं. मौझाने ऐकून घेतलं. मग बाकीची नाणी आटणीसाठी हुसैनमियाँकडे सरकवली आणि ते एक रुमालाच्या टोकात बांधलं. नातीला नको असेल तर राहू दे, माझ्यापाशी राहील, म्हणाली. "खलास."

हुसैनमियाँनी किशोरीला तसं जाऊ दिलं नाही. दुकानाचं दार ओढून घेऊन ते तिला मागच्या गल्लीतल्या घरी घेऊन गेले. त्यांची बायको सफूरा हिने तांदळाची भाकरी आणि सुरमईचं सालन पुढे ठेवलं आणि शेजारी बसून राहिली. किशोरी खाली मान घालून जेवत होती. गेले कित्येक आठवडे ती अशीच जेवत होती, ताटात काय आहे ते न बघता, चव न कळता.

"मीठ बरोबर आहे ना?" सफूराने सहज विचारलं.

किशोरीचा घास तोंडातच थांबला. तिने चव घेतली. पुन्हा घेतली.

"नाही," ती म्हणाली. "जास्त झालंय. बरंच जास्त झालंय."

आणि मग ती रडायला लागली. सफूराने तिच्या पुढचं ताट हळूच बाजूला सरकवलं आणि पाठीवर हात ठेवला.